पहाटे ३:४० चे डिलीट केलेले मेसेज : एका मैत्रिणीचा स्टॉकहोममधला हिवाळा

२३ नोव्हेंबर २०२३, गुरुवार. सकाळी सहाला उठून मोबाईल बघितला तर आमच्या ग्रुपवर ओळीने तीन वेळा मेसेज डिलीट केल्याची खूण. वेळ ३:४०, ३:४२ आणि ३:५५. तिन्ही तिचेच. आम्ही चौघी पुण्यात हॉस्टेलला एका खोलीत होतो, ग्रुपचं नाव अजून 'रूम नंबर १४' असंच आहे, आणि चौघींतली ती एकटी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला. माझ्याकडे पहाटेचे ३:४० म्हणजे तिच्याकडे रात्रीचे ११:१०. काय लिहिलं होतं आणि का पुसलं? मी "काय गं, काय झालं?" विचारलं, दुपारी उत्तर आलं, "काही नाही, चुकून." आणि एक हसरा चेहरा.

चुकून तीनदा होत नाही.

हे सगळं तिच्या परवानगीने लिहितेय. तिने आधी वाचलंय, दोन ठिकाणी खोडायला लावलं, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. मी पुण्यात एका शाळेत विद्यार्थी समुपदेशक आहे, त्यामुळे मुलांच्या केस लिहायची सवय आहे आणि म्हणून हेही तसंच लिहून काढलं. पण एक गोष्ट आधीच सांगते, मी तिची समुपदेशक नव्हते आणि होणारही नव्हते. मैत्रिणीने मैत्रीण राहायचं, उपचार दुसऱ्या कोणीतरी करायचे, ही रेघ मी सुरुवातीलाच आखली आणि आजही वाटतं की तेच बरोबर केलं.

ती आणि तिचे तीन हिवाळे

वय ३३, मूळची साताऱ्याची, लग्न केलेलं नाही, सॉफ्टवेअरमध्ये. ऑगस्ट २०२१ ला स्टॉकहोमला गेली, कीस्ता नावाच्या उपनगरात एकटी राहते, तिथे आयटीची ऑफिसं भरपूर त्यामुळे भारतीयही भरपूर. स्वभावाने आमच्यातली सगळ्यात बोलकी. हॉस्टेलला रात्री दोनपर्यंत गप्पा मारून सकाळी सहाला तीच सगळ्यांना चहासाठी उठवायची.

पहिला हिवाळा बरा गेला. बर्फ नवा होता, फोटो रोज यायचे, खिडक्याखिडक्यांत लावलेले कागदी तारे आणि विजेच्या मेणबत्त्या, सगळ्याचं कौतुक. दुसऱ्या हिवाळ्यात म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरपासून फोटो कमी झाले, फोन कमी झाले, आम्हाला वाटलं कामात असेल. मार्चअखेर ती पुन्हा पहिल्यासारखी झाली आणि मे महिन्यात तर इतकी खुशीत होती की आम्ही ते महिने विसरूनही गेलो. हे विसरणं फार महागात पडलं असं आता वाटतं. तिसऱ्या वर्षी तेच पुन्हा, आणि जास्त.

त्या गुरुवारी शाळेतून आल्यावर मी बसून ग्रुप मागे मागे स्क्रोल केला. जून, जुलै, ऑगस्टला तिचे रोजचे मेसेज, व्हॉइस नोट्स, कुणाची तरी खेचणं. सप्टेंबरअखेरपासून उतार. नोव्हेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तिचे एकूण सात मेसेज आणि त्यातले पाच नुसते अंगठे. मग २०२२ चं बघितलं. तोच उतार, तेच महिने. एखाद्या मुलाच्या हजेरीपटावर दर सोमवारी गैरहजेरी दिसावी तसं मला ते दिसलं आणि पोटात गोळाच आला.

आपल्याकडे हिवाळ्यात कुणी उदास होतं हे आपल्या डोक्यातच बसत नाही. आपला हिवाळा म्हणजे गुलाबी थंडी, हुरडा, लग्नसराई, सवाई गंधर्व, संक्रांतीचं हळदीकुंकू. आपल्याला वर्षभरात जीव मिळतो तो याच दिवसांत. त्यामुळे ती जेव्हा एकदा म्हणाली की मला थंडीत कसंतरीच होतं गं, तेव्हा आमच्यातली एक म्हणाली "तुझी मजा आहे बाई, बर्फात राहतेस" आणि विषय तिथेच संपला. मीही तेव्हा काही बोलले नाही. कोकणातल्या माणसाला कदाचित लवकर कळेल, जुलैमध्ये आठ-आठ दिवस मळभ हटत नाही, घरात दुपारी दिवा लावावा लागतो आणि उगाचच जिवाला हुरहूर लागते. ते मळभ चार महिने धरून बसलंय अशी कल्पना करा.

आकडेच सांगायचे तर २१ डिसेंबरच्या आसपास पुण्यात जवळजवळ अकरा तासांचा दिवस असतो. स्टॉकहोमला सहा. सूर्य पावणेनऊला उगवतो, पावणेतीनला मावळतो, आणि भर दुपारी बारालाही क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर असतो, म्हणजे समोरची इमारत आडवी आली तरी दिसत नाही. ती साडेआठला ऑफिसला पोचणार, पाचला निघणार. जाताना अंधार, येताना अंधार. आणि नोव्हेंबर सगळ्यात वाईट असं ती सांगते, कारण तेव्हा बऱ्याचदा बर्फही नसतो. बर्फ पडला की निदान जमीन उजळते, नाहीतर ओला काळा रस्ता, काळी झाडं, काळं आकाश.

तिने जे सांगितलं

दोन दिवसांनी शनिवारी मी तिला फोन केला, तिच्याकडे दुपार होती. आधी सगळं "ठीक आहे"च चाललं होतं. मग मी म्हटलं, "मी ग्रुप वाचला. गेल्या वर्षीचाही वाचला. ऑक्टोबर आला की तू नाहीशी होतेस." बराच वेळ काहीच आवाज नाही. मग रडली. तासभर बोललो.

झोप दहा-दहा अकरा-अकरा तास आणि तरी उठताना अंगात कणभर जोर नाही, हातपाय शिशाचे झाल्यासारखे. खायला सारखं गोड आणि पिठूळ हवं, भात, बटाटा, ब्रेड आणि तिथले ते दालचिनीचे बन, वजन दोन महिन्यांत पाच किलो वाढलेलं. मीटिंगला कॅमेरा बंद. तिच्या इमारतीत कपडे धुवायची खोली सगळ्यांना मिळून एकच असते, आधी वेळ बुक करायची आणि तेवढ्यात कपडे धुवून वाळवून खोली मोकळी करायची. तिने सलग तीन वेळा बुक करून गेलीच नाही. "दोन मजले खाली जायचं होतं गं फक्त," ती म्हणाली, "बुट्टी भरून दाराशी ठेवलेली, आणि मी कॉटवर बसून त्या बुट्टीकडे बघत होते, दोन तास." नवीन अंतर्वस्त्रं ऑनलाइन मागवली तिने, धुवायला नकोत म्हणून. हे सांगताना तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती, आणि मला मात्र तेव्हाच नीट समजलं की हा आळस नाही, हा आजार आहे.

मी तिला सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. हा प्रश्न विचारायला माणसं घाबरतात, विचारल्याने डोक्यात भरवल्यासारखं होईल असं वाटतं. तसं होत नाही, उलट समोरच्याला बोलायला वाट मिळते. ती म्हणाली, "मरावंसं नाही वाटत, पण सकाळ होऊच नये असं वाटतं." मी म्हटलं सोमवारी डॉक्टर. आणि त्याआधी कुठल्याही क्षणी जास्त वाटलं तर तिथला ११२, आणि मला फोन, कितीही वाजता. ११२ हा आणीबाणीचा, साधी चौकशी करायला त्यांच्याकडे ११७७ हा आरोग्य सल्ल्याचा नंबर आहे, तो तिने माझ्याशी बोलताबोलताच लावायचं ठरवलं. (आपल्याकडे वाचणाऱ्या कुणाला गरज असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, चोवीस तास, फुकट.)

आणि मग ते मेसेज. तिला बोलावंसं वाटायचं ते रात्री, कारण दिवसभर जडपणा आणि रात्री थोडी जाग. मेसेज टाकायची, दहा मिनिटं वाट बघायची, कुणाचं उत्तर नाही, मग वाटायचं आपण उगाच त्रास देतोय, सगळ्यांचं आपापलं चालू आहे, आपल्याला कोण विचारतंय, आणि पुसून टाकायची. अगं, पहाटेचे पावणेचार वाजले होते इथे! हे तिलाही माहीत होतं, घड्याळाचं गणित तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण त्या वेळी मनाला गणित पटत नाही, मनाला फक्त रिकामा स्क्रीन दिसतो.

घड्याळातला एक तास

हे मला नंतर कळलं आणि याचं मला अजून आश्चर्य वाटतं. उन्हाळ्यात तिथलं आणि आपलं अंतर साडेतीन तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास मागे घेतात आणि अंतर साडेचार तास होतं. त्या वर्षी तो रविवार २९ ऑक्टोबरला होता. उन्हाळ्यात ती सहाला घरी पोचून फोन करायची तेव्हा इथे साडेनऊ, मुलं नुकतीच झोपलेली, भांडी आवरलेली, आम्ही तिघीही मोकळ्या. हिवाळ्यात त्याच वेळी इथे साडेदहा. एकीला पहाटे पाचला डबा करायचा असतो, एकीचं बाळ तान्हं. कुणीच फोन उचलत नाही. म्हणजे ज्या आठवड्यात तिचा संध्याकाळचा उजेड जातो त्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीही जातात, आणि कुणी काही ठरवून केलेलं नसतं. तिला वाटतं त्या दुरावल्या, आम्हाला वाटतं ती बदलली.

आमच्यातल्या बाळवालीला तर मनापासून राग होता. बाळाच्या बारशाला हिने साधा फोन केला नव्हता, ऑक्टोबरच्या शेवटी बारसं झालं, हिने चार दिवसांनी ग्रुपवर एक हार्ट टाकला. "मी तिच्या आजीच्या वेळी साताऱ्याला रात्रीच्या एसटीने गेले होते," ती मला म्हणाली, "आणि तिला दोन मिनिटं नाहीत." तिचा राग खोटा नव्हता. आजार आहे म्हणून दुखावलेल्या माणसाने दुखावल्याचं बोलूच नये हे मला पटत नाही. मी तिला एवढंच म्हटलं की राग ठेव, पण आत्ता हिशोब मांडू नकोस, फेब्रुवारीत मांड, आत्ता ती पाण्याखाली आहे.

डॉक्टर, दिवा आणि दिव्याचं चुकलेलं गणित

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला तिथल्या सरकारी दवाखान्यात वेळ मिळाली. रक्त तपासलं, थायरॉइड ठीक, ड जीवनसत्त्व कमी. प्रश्नावली भरून घेतली. कधी उलटं होतं का, म्हणजे खूप उत्साह, झोपेची गरजच नाही, अवाच्या सवा खर्च असं, हेही विचारलं, कारण बायपोलर असेल तर दिव्याच्या उपचाराने, म्हणजे रोज ठरावीक वेळ प्रखर उजेडासमोर बसण्याने, माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. डोळ्यांचा काही आजार आहे का, उजेडाची अ‍ॅलर्जी येईल असं कुठलं औषध चालू आहे का, हेही. मगच दिवा सांगितला. सोबत ऑनलाइन सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत, आणि महिन्याभरात फरक नाही पडला तर गोळ्या. गोळ्या लागल्या असत्या तर घेतल्याच पाहिजे होत्या, त्यात हरल्यासारखं काही नाही. ड जीवनसत्त्वाची गोळी लगेच सुरू झाली, कमी होतं तर भरून काढायलाच हवं, पण एवढ्याने उदासी जाते असं समजून कुणी थांबू नये, तेवढा भक्कम पुरावा त्याला नाही.

हिवाळ्यातल्या नैराश्याला नाव मिळून तशी चाळीसच वर्षं झाली. नॉर्मन रोझेन्थल हे दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत आलेले डॉक्टर, तिथल्या हिवाळ्यात स्वतःलाच मरगळ येते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि १९८४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन छापलं, प्रखर उजेडाच्या उपचारासकट. आज डॉक्टर याला वेगळा आजार न मानता ठरावीक ऋतूत उलटणारं नैराश्य असं धरतात. नेहमीच्या नैराश्यात बऱ्याचदा झोप उडते, भूक मरते, यात झोप आणि भूक वाढते आणि माणूस बिळात शिरल्यासारखा माणसांतून मागे सरतो. हे शेवटचं मी तिघींना दोनदा वाचून दाखवलं. माणसांपासून लांब जाणं हे या आजाराचं लक्षण आहे, खोकला सर्दीचं असतो तसं. ती तुमच्यावर खोकतेय म्हणून तुम्ही नात्याचा निकाल लावणार का?

दिवा १०,००० लक्सचा, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. तिने मागवला, लावला, आठवड्याने म्हणाली काही उपयोग नाही, वर आता रात्री एकपर्यंत झोप येत नाही. मी म्हटलं व्हिडिओ कॉल कर आणि दाखव कसा लावतेस. तर दिवा पुस्तकांच्या शेल्फवर, ती सोफ्यावर, मध्ये दीड मीटर, आणि वेळ रात्री आठची, टीव्ही बघताना. दोन्ही चुकलेलं. १०,००० लक्स हा आकडा दिवा अर्ध्या मीटरच्या आसपास असताना मिळतो, किती अंतरावर ते दिव्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि लांब गेलं की उजेड झपाझप घटतो, दुप्पट अंतरावर साधारण चौथा हिस्सा. आणि वेळ सकाळचीच हवी. आपल्या मेंदूतलं घड्याळ डोळ्यात शिरणाऱ्या सकाळच्या उजेडावर लागतं, हिवाळ्यात उजेडच उशिरा येतो म्हणून ते मागे पडतं, शरीराला सकाळी आठलाही मध्यरात्रच वाटत राहते. रात्री आठला तोच उजेड दिला तर घड्याळ आणखी मागे. तिचं नेमकं तेच झालं होतं.

मग नीट बसवलं. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर दिवा, तिच्यापासून हातभर अंतरावर, जरा डावीकडे, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही पण डोळे उघडे. समोर चहा. सकाळी ७:१० ते ७:४०.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिकडचे ७:१० म्हणजे इकडचे ११:४०. आमच्या शाळेची मधली सुट्टी ११:४० ला होते.

मधल्या सुट्टीतला फोन

११ डिसेंबरपासून रोज, सोमवार ते शुक्रवार, मधली सुट्टी झाली की मी माझ्या खोलीचं दार लावून तिला व्हिडिओ कॉल लावायचे. मी डबा उघडायचे, ती चहा प्यायची. वीस मिनिटं. नियम दोनच ठरवले. फोन मी करणार, तिने करायचा नाही, कारण "कधीही वाटलं तर फोन कर गं" या वाक्याचा अशा माणसाला काडीचा उपयोग नसतो, त्याच्या अंगात फोन उचलण्याएवढंच जेमतेम बळ असतं, करण्याएवढं नसतं. आणि बोललंच पाहिजे असं नाही. पहिल्या दोन दिवसांत ती फारतर दहा वाक्यं बोलली असेल. मी भाजीचं सांगितलं, सहावीतल्या एका पोराने बाकाखाली मांजर आणून ठेवलं ते सांगितलं, बाहेर पोरांचा गलका चालू. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली "तो गलका ऐकायला बरं वाटतं, खिडकी उघड ना." त्यानंतर रोज खिडकी उघडी ठेवायची.

तिचा चेहरा मला अजून डोळ्यासमोर आहे, त्या दिव्याच्या पांढऱ्या उजेडात एक गाल लख्ख आणि मागे खिडकीत मिट्ट काळोख, जणू रात्रीचे दोन वाजलेत. हळूहळू, साधारण दहाव्या-बाराव्या दिवसापासून, केस विंचरलेले दिसायला लागले. मग एक दिवस तीच मला म्हणाली, "भेंडी परत? काल पण भेंडीच होती." इतका आनंद झाला मला त्या वाक्याने, कारण इतके दिवस माझ्या डब्यात काय आहे हे तिला दिसतच नव्हतं.

सीबीटीत तिला एक काम दिलं होतं, मनात जो अंदाज येतो तो लिहून काढायचा आणि खरा होतो का ते करून बघायचं. तिने लिहिलं, "ग्रुपवर मेसेज टाकला तर कुणी उत्तर देणार नाही, दहापैकी नऊ खात्री." आणि रात्री अकराला न टाकता सकाळी दिव्यासमोर बसून टाकला. पंधरा मिनिटांत तिघींची उत्तरं. ती म्हणाली मी त्या कागदाकडे बघत बसले. असल्या छोट्या पुराव्यांनीच मन वळतं असा माझाही शाळेतला अनुभव आहे, समजावून सांगितल्याने नाही. या पद्धतीवर अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांनी मोठं काम केलंय, १७७ जणांना सहा आठवडे एकतर दिवा किंवा सीबीटी दिली, त्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच चालले, पण दोन हिवाळ्यांनंतर दिवावाल्यांत सुमारे ४६ टक्के जणांना पुन्हा त्रास झाला आणि सीबीटीवाल्यांत सुमारे २७ टक्के. म्हणून दिवा आला म्हणजे झालं असं धरू नये. तिने दोन्ही केलं हे मला आवडलं.

दुपारी चालणं मात्र तिला फार जड गेलं. कीस्ताच्या शेजारी यार्वाफेल्टेट म्हणून मोठं मोकळं रान आहे, शेतं, मेंढ्या, झाडी. ढगाळ दुपारीही बाहेरचा उजेड ऑफिसातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, म्हणून बाराला पंचवीस मिनिटं तिकडे चालायचं ठरलं. एकटीने दोनदाच गेली. शेवटी तिने शेजारच्या डेस्कवरच्या स्वीडिश बाईला धीर करून विचारलं, माझ्याबरोबर येशील का, मला हिवाळ्यात बरं नसतं. ती बाई म्हणाली मलाही नसतं, नोव्हेंबरमध्ये मी दरवर्षी अशीच असते. अडीच वर्षं शेजारी बसत होत्या दोघी! तिकडे या गोष्टीला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, उत्तरेकडच्या उमिओ शहरात तर २०१२ मध्ये बसस्टॉपवर असे उपचाराचे दिवे लावले होते, लोक बसची वाट बघताबघता उजेड घेत होते. आपल्या मुलीला मात्र वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच होतंय, आपण उन्हातून आलेले म्हणून आपणच कच्चे.

टिंब

सगळं सरळ चढत गेलं असं नाही. जानेवारीच्या शेवटी तिला फ्लू झाला, आठ दिवस दिवा बंद, फोन बंद, मी लावायचे आणि ती उचलायची नाही. चौथ्या दिवशी माझाही धीर सुटला आणि मी रागाने एक मोठा मेसेज लिहिला, पाठवला नाही नशिबाने. त्याऐवजी लिहिलं, "बोलू नकोस. आहेस एवढंच कळव. एक टिंब टाक." अर्ध्या तासाने ग्रुपवर एक टिंब आलं. नुसतं पूर्णविरामासारखं. मी उलट एक टिंब टाकलं. मग बाळवालीने टाकलं. मग चौथीने. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर दुसरं काही नाही, नुसती टिंबं, वर-खाली. ते आजही चालू आहे, कुणीही टाकतं, टिंब म्हणजे मी आहे, बोलायला होत नाहीये, काळजी करू नका. त्याला उत्तर टिंबच द्यायचं, "काय झालं" विचारायचं नाही. एकाच दिवशी कुणाची दोन टिंबं आली तर फोन करायचा.

फेब्रुवारीत बाळवालीचा आणि तिचा हिशोब झाला, मी नव्हते त्यात. नंतर दोघींकडून वेगवेगळं ऐकलं. एक म्हणाली "मला वाटलं तुला आता आमची गरज नाही," दुसरी म्हणाली "मला वाटलं मी नसले तरी तुमचं काही अडत नाही." मग तिने बारशाचा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, फोनवर, बाळाच्या आईबरोबर, पाळण्यासकट, पन्नास मिनिटं. बारसं होऊन तीन महिने झाले होते. राग पूर्ण गेला का, मला नाही वाटत. पण त्या दोघी आता एकमेकींना माझ्याशिवाय फोन करतात.

३१ मार्चला तिथलं घड्याळ पुन्हा पुढे गेलं, तिचे ७:१० म्हणजे माझे १०:४० झाले आणि तेव्हा माझा सातवीचा तास असतो. तोवर पहाटे सहालाच तिच्या खिडकीत उजेड यायला लागला होता. रोजचा फोन थांबवला, रविवारचा ठेवला. मी तिला एकच काम सांगितलं की आत्ता बरी आहेस तेव्हाच सगळं लिहून ठेव, कधीपासून काय करायचं, कुणाला काय सांगायचं, कारण जूनमधल्या तुला नोव्हेंबरमधली तू आठवत नाही. आम्हालाही आठवली नव्हती. तिने एक पान लिहून आम्हा तिघींना पाठवलं, त्यात पहिलीच ओळ अशी होती, "सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी म्हणेन की या वर्षी मला काही होणार नाही. ऐकू नका."

म्हणालीच ती तसं, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, अगदी याच शब्दांत. आम्ही तिला तिचंच पान परत पाठवलं. दिवा बाहेर निघाला, डॉक्टरांची वेळ घेतली, शेजारच्या बाईशी दुपारचं चालणं ठरलं.

२७ ऑक्टोबरला घड्याळ मागे गेलं. दुसऱ्या दिवशी सोमवारी वसुबारस, शाळेला दिवाळीची सुट्टी, त्यामुळे मधली सुट्टी वगैरे काही नाही, मी घरी कढईपाशी, हाताला चकलीचं पीठ. ११:४० ला फोन वाजला. नियम असा होता की फोन मी करायचा. पुसलेल्या करंगळीने कसाबसा उचलला तर समोर ती, एक गाल लख्ख, मागे खिडकीत जरासा निळसर उजेड.

"तेल तापलंय का नीट?" ती म्हणाली. "मागच्या वेळी मऊ पडलेल्या तुझ्या. मला दाखव."

मी फोन डब्याला टेकवून कढईकडे वळवला.

"थांब," ती म्हणाली, "आधी एक छोटा तुकडा टाकून बघ."

टाकला. वर आला.

"हां. आता सोड."